मोठ्या घराची वंशावळ : कागद का पुरत नाही आणि माणसे का गळतात
(शेतकी खात्याकडून)



लागण, खोडवा, पाचट सोडून शेतकी खात्याने वंशावळीवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण असे की ऊस नोंदीच्या वेळी सातबारा पाहावाच लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते. आजोबांना जाऊन पंधरा-वीस वर्षे झालेली, रान नातवंडे करतात, ऊस कारखान्याला येतो, पण जमीन सामाईक, शेअर मयताच्या नावे आणि बिलावर सही कोणी करायची याचा घोळ. मग वारस नोंद करायची ठरते. तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गेले की पहिला कागद मागितला जातो तो वंशावळीचा, तोही प्रतिज्ञापत्रावर. आमच्या शेअर्स विभागातही तसेच. आणि गाडे अडते ते इथेच.

जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. वर्दीवरून नाव वारस नोंदवहीत म्हणजे नमुना ६-क मध्ये जाते, मग फेरफार, मग सातबारा. कारखान्याच्या भागाचे म्हणाल तर सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे ते नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे करावयाचे, नामनिर्देशन नसेल तर वारसाच्या. म्हणून ज्यांनी नॉमिनेशन केलेले नाही त्यांनी ते आधी करावे. मात्र जमिनीला नॉमिनी चालत नाही, तिथे वंशावळ लागतेच.

आता वंशावळ म्हणजे काय, तर वर मूळ पुरुष, खाली मुले, त्याखाली नातवंडे. लहान घराची दहा मिनिटांत होते. पण चार-पाच पिढ्यांचे खटले असले की कागदावर ओढाताण सुरू होते. रेघा एकमेकींवरून जातात, नावे कोपऱ्यात कोंबली जातात, बाण काढून "मागे पाहा" लिहिले जाते. हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर आम्ही त्यावर शाई खर्च केली नसती. आमच्या पाहण्यात आलेले एक प्रकरण सांगतो. मयत सभासदाला आठ अपत्ये. फुलस्केप कागदावर मुलगे अगोदर ओळीने मांडले, मग मुली. सहा चौकटी झाल्यावर कागद संपला, तेव्हा धाकट्या दोघी बहिणी पाठीमागे लिहिल्या. झेरॉक्स काढताना पुढचीच बाजू निघाली. पुढे सगळीकडे तीच प्रत फिरली. नोटीस निघाली तेव्हा त्या दोघींपैकी एकीच्या घरून हरकत आली. भावांच्या मनात काही वाकडे होते असे आम्हास वाटत नाही, पण बहिणीला ते कसे पटावे? हंगाम संपला तरी बिल अडकून राहिले, आणि दिवाळीला बहिणी माहेरी आल्या नाहीत.

म्हणून कागद का पुरत नाही हे आधी समजून घेऊ. हिशेब करून पाहा. एका माणसाला चार अपत्ये धरली तर पिढ्या अशा वाढतात : १, ४, १६, ६४, २५६. नाव नीट वाचता यावे यासाठी एका चौकटीला निदान चार सेंटिमीटर रुंदी लागते. लीगल आकाराचा कागद आडवा धरला तरी साडेपस्तीस सेंटिमीटर, म्हणजे आठ चौकटी. नातवंडांच्या ओळीला सोळा लागतात. तेव्हा कागद संपतो तो पणतवंडांपाशी नव्हे, नातवंडांपाशीच. पाचवी ओळ एका रांगेत मांडायची म्हटली तर दहा मीटरांहून लांब कागद लागेल. चावडीच्या भिंतीवरसुद्धा तो मावणार नाही.

यावर उपाय म्हणजे रुंदीत पसरायचे सोडून उंचीत उतरायचे. चौकटी काढूच नयेत. नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक पिढीला डावीकडून बोटभर जागा सोडून आत सरकावे. एका ओळीला आठ मिलिमीटर धरले तर लीगल कागद उभा धरून सदतीस-अडतीस नावे बसतात; वरच्या हिशेबातली सगळी ३४१ माणसे दहा कागदांत येतात आणि एकही नाव आडवे-तिडवे लिहावे लागत नाही. आपल्याकडे ही रीत काही नवी नाही. हेळवी घरी येऊन वही उघडतात आणि वाचतात ते नावामागून नावच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही नावेच ओळीने असतात. चौकटींचा झाडासारखा तक्ता भिंतीवर लावायला शोभतो. कामाला यादी बरी.

पण नुसती आत सरकवलेली यादी दुसऱ्या पानावर गेली की कोण कोणाचा मुलगा हे कळेनासे होते. त्यासाठी नंबर पाहिजे, आणि नंबर कसा द्यायचा हे आपणा शेतकऱ्यांना शिकवायला नको. गट नंबर ४५ ला पोटहिस्से पडले की ४५/१, ४५/२. ४५/२ चे पुन्हा तुकडे झाले की ४५/२/१. तसेच माणसाचे करावे. मूळ पुरुष १. त्याची अपत्ये जन्माच्या क्रमाने १/१, १/२, १/३. दुसऱ्या अपत्याचे तिसरे अपत्य १/२/३. नंबर पाहताच त्याचा बाप कोण, आजा कोण आणि पिढी कितवी ते समजते. पान फाटले, क्रम उलटसुलट झाला, तरी नंबरावरून सगळे पुन्हा लावता येते. मागाहून विसरलेले अपत्य आठवले तर सगळ्यांचे नंबर बदलत बसू नये. त्याला पुढचा मोकळा नंबर द्यावा आणि नावापुढे जन्मसाल लिहावे.

आम्हा ऊसवाल्यांना ही नंबराची सोय चांगली ठाऊक आहे. को ८६०३२ ही जात को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आली. आई-बाप, लेक सगळी नंबरावर, त्यामुळे गल्लत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली चाल, आणि तिथेच पहिला घोटाळा होतो.

याचे उदाहरण कोणा सभासदाच्या घरातले घेण्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेल्या घराण्याचे घेतो. भोसले घराण्यात शिवछत्रपतींचे थोरले बंधू संभाजी, चिरंजीव संभाजी आणि राजारामांचे चिरंजीवही संभाजी. तीन पिढ्यांत तीन संभाजी. शिवाजी, राजाराम, शाहू ही नावेही अशीच पुनःपुन्हा येतात. नुसत्या नावांचा तक्ता काढला तर शाळेतला पोरगाही चुकेल. नंबर दिले की पाहा कसे होते (नमुन्यापुरतीच नावे घेतली आहेत) :

१ मालोजी
   १/१ शहाजी
      जिजाबाईंपासून
         १/१/१ संभाजी
         १/१/२ शिवाजी (पुढे तक्ता २)
      तुकाबाईंपासून
         १/१/३ व्यंकोजी उर्फ एकोजी (तंजावर शाखा, पुढे तक्ता ३)
   १/२ शरीफजी (पुढे तक्ता ४)

या छोट्या नमुन्यात आणखी दोन अडचणींची सोडवणूक आहे. एक, दोन बायकांची. आपल्याकडे येणाऱ्या वंशावळीत नवऱ्याच्या नावाखाली दोन्हीकडची मुले एकत्र लिहिलेली असतात, नाहीतर दुसरीची मुले वेगळ्या कागदावर. दोन्ही चूक. मुले आईच्या नावाखाली लिहावीत, नंबर मात्र बापाच्या नंबरावरून सलग द्यावा. शिवछत्रपतींची लग्ने आठ. तिथे नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना चौकटी काढणारा किती ठिकाणी रेघा वळवणार? आईचे नाव शीर्षकासारखे लिहिले की आठ काय, कितीही चालतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आल्यावर पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न कायदेशीर नाही हे खरे, पण तिच्या मुलांना वंशावळीतून गाळता येत नाही. आईबापांच्या हिश्श्यात त्यांचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. कोणाला किती मिळते ते वकिलाला विचारावे. वंशावळीने सांगायचे ते एवढेच, की हे मूल आहे.

दुसरी सोडवणूक "पुढे तक्ता" या शब्दांत आहे. एका कागदावर तीन पिढ्यांपेक्षा जास्त घेऊच नये. तीन पिढ्यांनंतर प्रत्येक शाखेला स्वतंत्र कागद. जुन्या तक्त्यावर जिथे शाखा तुटते तिथे "पुढे तक्ता २" आणि नव्या कागदाच्या माथ्यावर तेच नाव, तोच नंबर पुन्हा लिहून "तक्ता १ वरून". एक नाव दोन्हीकडे आलेच पाहिजे. पाटाचे पाणी एका चरीतून दुसरीत घेताना जसा सांधा पक्का करतो तसा हा सांधा, नाहीतर वाट फुटते. प्रत्येक कागदावर "एकूण पाने ५ पैकी २" असेही लिहावे आणि पाठ कोरी ठेवावी. वरच्या प्रकरणात एवढे केले असते तरी भागले असते.

आता रेघा एकमेकींवरून जाण्याचे दुखणे. ज्यांना चौकटींचाच तक्ता काढायचा आहे त्यांना ते फार छळते, आणि त्याचे खरे कारण बहुधा नात्यातली लग्ने हे असते. आपल्याकडे मामाच्या मुलाला मुलगी देतात, साटेलोटे करतात. मग दोन घराणी दोन ठिकाणी जोडली जातात आणि रेघ कशीही काढली तरी कोणाला तरी ओलांडतेच. पुन्हा भोसल्यांकडेच पाहा. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, बजाजींच्या भगिनी. त्यांची कन्या सखुबाई दिली बजाजींचे चिरंजीव महादजी यांना, म्हणजे मामेभावाला. तिकडे पिलाजी शिर्क्यांची कन्या येसूबाई संभाजीराजांना केली आणि संभाजीराजांची सावत्र बहीण राजकुंवर येसूबाईंचे बंधू गणोजी यांना दिली. हे सरळ साटेलोटे. भोसले, निंबाळकर, शिर्के तिन्ही घराणी एकाच कागदावर चौकटींनी मांडून दाखवा, जाळे होते की नाही पाहा.

यातून सुटायला एकच नियम पाळावा : एका माणसाची पूर्ण नोंद एकाच ठिकाणी. सखुबाईंची नोंद भोसल्यांच्या तक्त्यात, त्यांच्या नावापुढे "पती महादजी निंबाळकर, पाहा निंबाळकर तक्ता" एवढेच. निंबाळकरांच्या तक्त्यात महादजींच्या पुढे "पत्नी सखुबाई, पाहा भोसले तक्ता". रेघ ओढायचीच नाही. ज्याच्या मालमत्तेची वारस नोंद करायची त्याच्या घराण्याचा तक्ता मुख्य, बाकीच्यांचा नुसता उल्लेख. भावंडांपैकी ज्याचे नाते शेजारच्या घराण्याशी जुळले आहे त्याला कडेला घेतले तरी निम्मे छेद कमी होतात. पण मग जन्माचा क्रम मोडतो. नंबर दिलेला असेल तर मोडला तरी बिघडत नाही.

सीमाभागाकडच्या काही सभासदांकडे मामा-भाचीचे लग्न असते. तिथे बायको एका पिढीने खाली येते आणि तिला नवऱ्याच्या ओळीत ओढून आणले की तिच्या बापाची ओळ वाकडी होते. ओढू नये. पुतण्यापेक्षा काका लहान असतो, तेही असेच. ओळ पिढीवर ठरते, वयावर नाही.

दत्तकाची रेघ निराळी. जन्माची रेघ सलग आणि दत्तकाची तुटक, असा सरळ संकेत ठेवावा. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि राजर्षी शाहू महाराज झाले. घाटग्यांच्या तक्त्यात त्यांचे नाव राहते, पुढे "कोल्हापूरला दत्तक" एवढे लिहून तिथे थांबायचे. पुढची पिढी कोल्हापूरच्या तक्त्यात. दोन्हीकडे मुले लिहिली की एकच माणूस दोनदा मोजला जातो. आणि ज्या नात्याबद्दल वाद आहे ते वाद म्हणूनच दाखवावे. साताऱ्याचे शाहू छत्रपती १७४९ साली वारले, त्यानंतर रामराजा गादीवर आले. ताराबाईंनी त्यांना आधी आपला नातू म्हटले आणि मग तो आपला नातूच नव्हे असे जाहीर केले. अशा ठिकाणी ठाशीव रेघ ओढणारा खोटे लिहितो.

आता ज्यासाठी एवढा कागद काळा केला तिथे येतो. जागा पुरत नाही म्हणून नावे गाळायची वेळ आली की कोणाची गळतात? आम्ही जेवढ्या वंशावळी पाहिल्या त्यांत दोघांची : बहिणींची, आणि मूलबाळ नसलेल्या काकांची. काकांना वंश नाही, मग चौकट कशाला अडवायची, असा विचार. पण काकांबरोबर काकूही गळतात, आणि काकू हयात असतात! परड्यातल्या खोलीत राहतात, पेन्शनीवर दिवस काढतात. नवऱ्याच्या हिश्श्याला विधवा वारस आहे. "निपुत्रिक मयत" असे लिहून काकांची नोंद ठेवावी आणि खाली काकूंचे नाव यावे.

बहिणींचे म्हणणे तर सगळ्यांना ऐकून पाठ आहे : "त्यांनी हक्क सोडलाय की, मग नाव कशाला?" इथे दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. कोण जन्मले हे वंशावळ सांगते. कोण घेणार हे ती सांगत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने काही अटींवर आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगितले. बहिणीला खुशीने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. ते स्वतंत्र कागद आहे. नाव गाळणे हे हक्कसोडपत्र नव्हे. खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा मात्र होतो. बहीण मयत असेल तर तिची मुले लिहावी लागतात, हेही पुष्कळांना माहीत नसते. (मुसलमान व ख्रिश्चन सभासदांचे वारसाचे नियम वेगळे आहेत, तक्त्याची रीत तीच.)

बहिणीचे नाव लिहिताना माहेरचे आणि सासरचे, दोन्ही पूर्ण लिहावे, गावासह. नुसते "सौ. ताई, सांगली" असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. पुरुषांच्या बाबतीत घरातले नाव आणि दाखल्यावरचे नाव यांत फरक असतोच. बाळू, बापू, आप्पा असे लिहू नये, लिहायचेच तर "उर्फ" करून.

शिकलेली मुले हल्ली संगणकावर तक्ता करून देतात. चांगले आहे, पण तिथेही दुखणे तेच. सगळ्यात लांब नावाप्रमाणे संगणक सगळ्या चौकटी रुंद करतो, मध्ये मैलभर मोकळी जागा सोडतो, आणि छापताना पानात बसवायला सांगितले की अक्षर मुंगीएवढे होते. मुलांना सांगावे की आधी तक्ता नको, आधी यादी कर. रकाने असे : नंबर, पूर्ण नाव, उर्फ, आईचे नाव, पती किंवा पत्नी, जन्मसाल, मयत असल्यास तारीख, गाव. यादी पुरी झाली की एका वेळी एकच शाखा निवडून छापायला लावावी आणि चौकटीत नाव दोन ओळींत तोडावे. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी दोनशे पानी वही घ्यावी, तेवढीच ती कामाची.

यादी करायची वेळही सांगतो. गाळप बंद झाल्यावर, लग्नसराईत पाहुणे जमतात तेव्हा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला मध्ये बसवावे. पुरुषांना सातबाऱ्यावरची नावे पाठ असतात, पण कोण कोणाच्या पाठचे, कोण लहानपणी गेले, कोणाची सोयरीक कुठे झाली हे तिलाच ठाऊक. आधी पेन्सिलीने लिहावे, प्रत्येक शाखेतल्या एकेकाला वाचून दाखवावे, मगच शाईने. गट ऑफिसला नमुन्याची कोरी यादी ठेवली आहे, झेरॉक्सपुरते पैसे पडतील. भरून आणताना मृत्यू दाखल्यांच्या प्रती यादीतल्या नंबराप्रमाणेच लावून आणाव्यात. मयत १/२ चा दाखला असेल तर त्याच्या कोपऱ्यात १/२ लिहावे.